वायरलेसच्या अभ्यासासाठी आरटीएल-एसडीआर: घ्यावा, पण कशासाठी ते ठरवून

ओएफडीएम (डेटा अनेक बारीक सबकॅरिअरवर वाटून पाठवण्याची पद्धत), सिंक्रोनायझेशन, फ्रिक्वेन्सी ऑफसेट (पाठवणारा आणि ऐकणारा यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) हे सगळं आपण बहुतेक वेळा सिम्युलेशनमध्येच शिकतो आणि तिथे घड्याळ कधी चुकत नाही. आरटीएल-एसडीआर या यूएसबीच्या सॉफ्टवेअर रेडिओ डोंगलमध्ये ते चुकतं. हा डोंगल घ्यायचं सर्वात मोठं कारण माझ्या मते हेच.

आत मूळची टीव्हीसाठीची आरटीएल२८३२यू चिप आणि बहुधा आर८२०टी२ ट्यूनर. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) फक्त ८ बिटचा. सॅम्पल रेट सेकंदाला ३.२ मेगासॅम्पलपर्यंत चढवता येतो, पण २.४ च्या वर सॅम्पल गळू लागतात, म्हणून तिथेच थांबावं.

लावताच चालला नाही तर घाबरू नका. लिनक्स त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर जोडतं. ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करावं लागतं. विंडोजवर झॅडिग या साधनाने विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअरच्या फ्लोग्राफमध्ये (ब्लॉक जोडून केलेल्या आराखड्यात) वेग रोखणारा थ्रॉटल ब्लॉक ठेवू नका, वेग हार्डवेअरच ठरवतं. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ऑटोवर सोडू नका: नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाची गोंगाटाची पातळी) वर सरकायला लागेपर्यंत वाढवा आणि थांबा. त्यापुढे गेलात तर जवळच्या एफएम केंद्राची भुतं नको त्या जागी दिसतात.

आता खरी मजा, एलटीई (४जी) सेल सर्च, म्हणजे जवळचा मोबाइल टॉवर शोधणं. कॅरिअर कितीही रुंद असो, पीएसएस आणि एसएसएस हे टॉवरचे दोन सिंक्रोनायझेशन सिग्नल मधल्या सहा रिसोर्स ब्लॉकमध्येच (सबकॅरिअरच्या गटांमध्येच) असतात. त्यामुळे सेकंदाला १.९२ मेगासॅम्पल आणि १२८ बिंदूंचा एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये फोडणारं गणित) पुरतो. पीएसएस दर ५ मिलिसेकंदांनी येतो. २५, २९, ३४ या तीन रूटच्या झॅडॉफ-चू सिक्वेन्सशी (पीएसएसच्या ठरलेल्या मालिकांशी) कोरिलेशन, म्हणजे जुळणी, काढायचं. सात-आठशे मेगाहर्ट्झचे बँड घ्या. १८०० च्या बँडचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे येणारा भाग) १८०५ पासून सुरू होतं, ते थोडक्यात हुकतं.

समजा डोंगलचं घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) आहे. ८०० मेगाहर्ट्झला ती ४० किलोहर्ट्झ होते. सायक्लिक प्रीफिक्स (प्रत्येक सिम्बॉलच्या शेवटाची सुरुवातीला जोडलेली प्रत) वापरून ऑफसेट काढायची पद्धत उणे-अधिक ७.५ किलोहर्ट्झपुरतीच खरं बोलते, कारण सबकॅरिअरमधलं अंतर १५ किलोहर्ट्झचं. म्हणून ती ४० ऐवजी उणे ५ सांगते आणि डिकोडिंग कोसळतं. उपाय असा: ऑफसेट ५-५ किलोहर्ट्झच्या पायरीने बदलत पीएसएसचं शिखर आधी शोधा, बारीक दुरुस्ती मग करा. शिवाय सॅम्पलिंगचं घड्याळही त्याच क्रिस्टलवर चालतं, त्यामुळे १० मिलिसेकंदांच्या प्रत्येक फ्रेममागे जवळपास एक सॅम्पल सरकतो. लांब रेकॉर्डिंगमध्ये हे विसरलं की सुरुवातीच्या फ्रेम नीट निघतात आणि पुढच्या बिघडतात. टीसीएक्सओवाला (तापमानाने फारशा न हलणाऱ्या क्रिस्टलचा), साधारण १ पीपीएमचा डोंगल घेतला तर निम्मी डोकेदुखी जाते. पण शिकायला साधाच चांगला, हे माझं ठाम मत.

एलटीई जड वाटलं तर विमानं स्वतःची जागा सांगतात त्या एडीएस-बी सिग्नलपासून सुरुवात करा: १०९० मेगाहर्ट्झ, ८ मायक्रोसेकंदांचा प्रीॲम्बल (सुरुवातीची खूण), मग ११२ बिट. डायपोल अँटेनाची प्रत्येक बाजू सुमारे ६.९ सेंटीमीटर ठेवा.

डिस्कची जागा आधी बघा. २.४ मेगासॅम्पलला ८ बिटच्या कच्च्या फाइलला मिनिटाला २८८ मेगाबाइट लागतात, ग्नू रेडिओच्या कॉम्प्लेक्स फ्लोटला त्याच्या चौपट. कच्ची फाइल वाचताना प्रत्येक मूल्यातून १२७.५ वजा करायला विसरू नका, नाहीतर स्पेक्ट्रमच्या मधोमध खोटा सुळका उभा राहतो.

वायफाय यात नाही, २.४ गिगाहर्ट्झ पल्ल्याबाहेर आणि २० मेगाहर्ट्झचा चॅनेल मावतही नाही. हा डोंगल प्रक्षेपण करत नाही, दोन डोंगलची घड्याळंही जुळत नाहीत, त्यामुळे सीएसएमए (चॅनेल मोकळा आहे का ते ऐकून पाठवणं) आणि मायमोचे (एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्याचे) प्रयोग सोडून द्या. मॅक लेयरसाठी (चॅनेल कोणी कधी वापरायचा ते ठरवणारा थर) मॉनिटर मोडचं (हवेतली सगळी पॅकेट ऐकणारं) वायफाय कार्ड आणि पॅकेट उलगडून दाखवणारं वायरशार्क हीच जोडी हवी.