एलईडी टाकू, प्रोजेक्टर बसवू, की जुनाच बल्ब ठेवू?

माझा भाचा शहाद्याला राहतो. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा फैजपूरला जातो आणि रात्री परततो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, वाटेत यावल, चोपडा, शिरपूर. गाडी दहा वर्षांची सेकंडहँड हॅचबॅक, हेडलाइट साध्या एच४ बल्बचे. ऊसतोड सुरू झाली की शहाद्याच्या बाजूला रात्रीही उसाच्या बैलगाड्या चालतात, मागे ना दिवा ना रेडियम. यावलकडे केळीचे ट्रक. परवा फोनवर म्हणाला, "मामा, रात्रीचं समोरचं काहीच दिसत नही. एलईडी टाकून घेऊ का प्रोजेक्टर?" सांगता सांगता तास गेला तरी विषय संपेना, म्हणून लिहायलाच बसलो. असाच प्रश्न पडलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, 'किती वॉट पाहिजे?' मी म्हणेन, उजेड किती यापेक्षा तो कुठे थांबतो ते आधी बघा. रात्री गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून डिप्पर, म्हणजे खाली झुकलेला उजेड लावा (लांब जाणारा तो अप्पर). खाली उजेड, वर अंधार आणि दोघांमध्ये आडवी रेघ दिसली पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून ही रेघ उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, सरळ असते. डावीकडे बहुतेक गाड्यांत ती साधारण १५ अंशांनी वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस आणि बैलगाडी दिसावी. खाली प्रत्येक पर्याय मी या रेघेवरच तोलला आहे.

आहे तो रिफ्लेक्टर

शाळेत अंतर्वक्र आरशाचा धडा होता. नाभीवर दिवा ठेवला की किरण समांतर बाहेर पडतात. हेडलाइटचा मूळ आरसा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचा, तत्त्व तेच. एच४ बल्बमध्ये तारा दोन असतात. अप्परची तार नाभीवर. डिप्परची तार किंचित पुढे, आणि तिच्या खाली धातूची इवलीशी वाटी. तार पुढे असल्यामुळे आरशाच्या वरच्या भागावरून परतणारे किरण खाली रस्त्यावर वळतात. खालच्या भागावरून परतले असते ते वर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेले असते. वाटी नेमके तेच अडवते. म्हणजे डिप्परवर जवळजवळ अर्धा आरसा रिकामा बसलेला असतो. जुन्या जीपच्या काचेवर उभ्या रेघा असायच्या ना, त्या शोभेच्या नव्हत्या. उजेड आडवा पसरवायचं काम त्यांचं होतं. आता काच साधी असते आणि आरशालाच पैलू पाडलेले असतात. एकेक पैलू तारेची प्रतिमा रस्त्यावर ठरलेल्या जागी नेऊन ठेवतो.

एच४ चा बल्ब ६०/५५ वॉटचा. डिप्परवर साधारण १,००० ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे उजेड मोजायचं माप), अप्परवर १,६५०. आजच्या मानाने हे कमीच. पण काहीशे रुपयांत मिळतो, रात्री दहाला चोपड्यात गेला तरी कुठे ना कुठे दुसरा सापडतो आणि बदलायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. रेघ थोडी मऊ पडते, कापल्यासारखी नाही, आणि आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मला तेच बरं वाटतं.

जुन्या गाडीत हा १,००० ल्यूमेनही पुरा निघत नाही, आणि खरं दुखणं इथेच असतं. दोन्ही दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर करंट घेतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सगळा स्टिअरिंगखालच्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून जातो. एच४ हा हॅलोजन बल्ब, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.५ व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेत सांडला, तर उजेडाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर मल्टिमीटर लावून घ्या. फरक एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त निघाला तर नवा बल्ब घेण्याआधी रिले (दिव्यांचा करंट बॅटरीतून थेट नेणारा वेगळा स्विच) आणि जाड वायर टाकून घ्या. दुसरा चोर म्हणजे पिवळी पडलेली काच. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि आपल्याकडचं ऊन त्याचा वरचा थर खाऊन टाकतं. पॉलिश करता येतं. पण त्यात उरलासुरला थरही जातो, म्हणून पॉलिशनंतर पुन्हा यूव्ही कोटिंग, म्हणजे ऊन अडवणारा थर, मारून घ्या, नाहीतर काही महिन्यांत ती पुन्हा धुरकट होते.

१००/९० वॉटचे बल्बही मिळतात. जुन्या वायरिंगवर ते लावू नका. डिप्परवरच पंधरा अँपिअर जातात, होल्डर वितळतो, आरशाची चकाकी करपते.

जुन्या आरशात एलईडी बल्ब

सगळ्यात जास्त खप याचाच, आणि मीही यात एकदा हात पोळून घेतलाय. चार वर्षांपूर्वी एका दुकानात पांढरे एलईडी टाकून घेतले. पहिल्या रात्री खूश होतो, बॉनेटपुढचे वीस मीटर दुधासारखे. कन्नडच्या घाटात मात्र समोरचा प्रत्येक जण मला अप्पर मारायला लागला, आणि मी तर डिप्परवरच होतो! वळणापलीकडचा अंधार उलट अधिकच गडद झालेला. जवळची जमीन फार उजळली की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं दिसेनासं होतं.

असं का होतं, याचा हिशोब साधा आहे. तार पाचेक मिलिमीटरची, बारीक, चहूबाजूंनी पेटलेली, आणि आरशाचा प्रत्येक पैलू त्या तारेसाठीच कोरलेला. एलईडीमध्ये त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप आणि मधे धातूची पट्टी. आरशाचं नाभी-अंतर २५ मिलिमीटर धरा. उजेडाचा उगम त्या जागेवरून एक मिलिमीटर सरकला, तर किरण चार टक्के तिरपे जातात, म्हणजे दहा मीटरवर ४० सेंटिमीटर. डिप्परची रेघ दहा मीटरवर फक्त दहा सेंटिमीटर खाली ठेवायची असते. चिप बसवताना झालेली एवढीशी चूक तुमचा डिप्पर समोरच्यासाठी अप्पर करून टाकते.

डब्यावर '२०,००० ल्यूमेन' छापलेलं असेल तर हसून सोडून द्या. एवढ्या छोट्या तापट जागेत एलईडीने वॉटला शंभर ल्यूमेन दिले तरी खूप झालं. म्हणजे २०,००० ला २०० वॉट लागतील, आणि तो डबा जेमतेम ४०-५० वॉटचा असतो. शिवाय एलईडीची उष्णता मागच्या बाजूला, बल्बच्याच छोट्या पंख्याकडे जाते. जळगावचा मे महिना, इंजिनची धग आणि काळ्या मातीची धूळ एकत्र आली की पंखा चोंदतो, चिप तापते आणि उजेड आपोआप उतरतो. दुकानात पाच मिनिटं लावून बघितल्यावर यातलं काहीच कळत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या परस्पर फेरफारांबद्दलच आहे, आणि असले बल्ब मंजुरी घेऊन आलेले नसतात. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीसुद्धा ठराविक मॉडेलच्या ठराविक हेडलाइटसाठी, एकेक जोडी तपासून. 'कोणत्याही गाडीत बसतो' असं तिथेही कुणी म्हणालेलं नाही.

प्रोजेक्टर

यातला आरसा लंबवर्तुळाचा. लंबवर्तुळाला नाभी दोन. एका नाभीवर दिवा ठेवला की सगळा उजेड दुसरीवर गोळा होतो. तिथे धातूचा छोटा पडदा उभा करतात आणि पुढे बहिर्वक्र भिंग. भिंग त्या पडद्याच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकतं, म्हणून पडदा खालून लावला की अंधार वर पडतो. रेघ पट्टीने ओढल्यासारखी. ज्यात अप्परही असतो, त्यात एक छोटं विद्युतचुंबक पडदा खाली पाडतं. 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजने १९८६ मध्ये असा डिप्पर आणला, म्हणजे गोष्ट नवी नाही.

समोरच्याला त्रास न देता जास्त उजेड टाकायचा असेल तर तत्त्व हेच चांगलं. तरी दोन गोष्टी खटकतात. रेघेच्या वर काळाकुट्ट अंधार असतो. कोंडाईबारी घाटाच्या चढ-उतारावर गाडी खोलगट भागात आली की उजेड समोरच्या चढावर आपटून तिथेच संपतो. खराब रस्त्यावर रेघ वर-खाली नाचते आणि समोरच्याला वाटतं आपण दिवे मिचकावतोय.

हे सगळं कंपनीने बसवलेल्या प्रोजेक्टरचं. बाहेरून बसवायचा तर हेडलाइट गरम करून उघडतात, जुना आरसा कापतात, प्रोजेक्टर बसवून पुन्हा चिकटवतात. हात चांगला असेल तर काम छान होतं. तसा नसेल तर रेघ वाकडी, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत पाण्याचे थेंब. घेण्याआधी पेटवून दाखवायला सांगा. रेघ उजवीकडे वर चढत असेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा आहे, फुकट दिला तरी घेऊ नका.

झेनॉनबद्दल, म्हणजे तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवणाऱ्या दिव्याबद्दल, थोडक्यात. ३५ वॉटमध्ये सुमारे ३,२०० ल्यूमेन, १९९१ पासून गाड्यांत. पेटायला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात, म्हणून व्होल्टेज वाढवणारा बॅलास्ट लागतो. जुन्या आरशात त्याचं स्वस्त किट टाकलं तर वर सांगितलेलाच घोटाळा तिप्पट उजेडाने होतो. आज नव्याने त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

कंपनीचा एलईडी

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी प्रश्न वेगळा असतो, वरच्या व्हेरियंटमधल्या एलईडीसाठी जादा पैसे मोजायचे का? इथे भिंग किंवा आरसा त्या चिपसाठीच काढलेला असतो, त्यामुळे माझ्या सगळ्या तक्रारी गळून पडतात. पसारा रुंद, करंट कमी, आयुष्य मोठं. एलईडीचा डिप्पर पहिल्यांदा २००७ मध्ये लेक्ससच्या गाडीत आला, आता तो आपल्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही आहे. मात्र बंपर ठोकला की बल्ब नाही, पुष्कळदा अख्खा हेडलाइटच बदलावा लागतो, आणि बिल हजारांत येतं. महिन्यातून एकदाच रात्री गाडी काढणाऱ्याने तेवढे पैसे टायरवर घालावेत. रोज रात्री चाळीसगाव-धुळे करणाऱ्याने जरूर घ्यावा, पण शोरूमच्या ट्यूबलाइटखाली बघून नाही, रात्री चालवून.

पांढरा चांगला की पिवळा, हा वाद मी टाळतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा. हॅलोजन ३,२०० केल्विनच्या आसपास, कंपनीचे एलईडी साधारण साडेपाच-सहा हजार. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागांतून धुकं उतरतं तेव्हा पिवळा डोळ्याला सुसह्य वाटतो हे खरं. फ्रान्सने तर १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात. धुक्यात फरक पडतो तो दिवा किती खाली बसवलाय आणि त्याचा उजेड किती चपटा आहे याने. आणि अप्पर बंद ठेवल्याने.

भाच्याला मी सांगितलं ते असं. एलईडी नको. चांगल्या कंपनीचे ६०/५५ चे दोन बल्ब, रिले, काचेला पॉलिश आणि कोटिंग. हे करूनही कमी वाटलं तरच पुढच्या वर्षी प्रोजेक्टर, आणि तोही ज्याने आधी केलेल्या दोन-तीन गाड्या भिंतीसमोर लावून दाखवल्या त्याच्याकडूनच.

आणि फोकस. दहा मीटरवरची भिंत, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हर सीटवर. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची, डिप्परची रेघ त्या खूणेच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची. दिवा ७० सेंटिमीटर उंचीवर असेल तर उजेडाची ती कड ७० मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ६० ने जाताना बैलगाडी दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण ५५ मीटर जातात. ८० ने जाताना ८० च्या वर जातात, म्हणजे डिप्परवर ८० ने पळणारा आपल्या उजेडाच्याही पुढे पळतोय.

मागे तीन पाहुणे आणि डिकीत केळीचे घड भरले की मागचा भाग पाचेक सेंटिमीटर खाली बसतो. अडीच मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) ते दोन टक्के झाले. एक टक्का खाली लावलेला फोकस एक टक्का वर गेला, आणि घरातली सगळी मेहनत फुकट. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "ती होय? मला वाटलं मीटरचा लाइट कमी-जास्त करायची आहे. कधी हात नाही लावला." माणसं आणि सामान भरलं की ती १ किंवा २ वर न्यायची, रिकाम्या गाडीत ० वर. गेल्या रविवारी त्याने शेजारच्या जिनिंगच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या, तेव्हा कळलं की डावा दिवा भिंतीवर जवळजवळ छपराला लागत होता.