वजनानुसार पनेट वेगळे करणारा कन्व्हेअर: एका द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आमचे पॅकहाऊस आहे. गेल्या हंगामाच्या तोंडावर तेथे तीन लेनचा वर्गवारी कन्व्हेअर बसवला आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत त्याच्यावर काम केले. युरोपला जाणारी थॉमसन सीडलेस द्राक्षे आम्ही अर्ध्या किलोच्या पारदर्शक पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या लहान डब्यांत, भरतो. भरलेला पनेट धावत्या पट्ट्यावरच तोलला जातो. वजन योग्य असेल तर तो मधल्या लेनमधून खोके भरण्याच्या टेबलाकडे, कमी असेल तर डावीकडे आणि जास्त असेल तर उजवीकडे वळतो. जहाजाच्या प्रवासात द्राक्षांतील पाणी थोडे कमी होत असल्यामुळे ५०० ग्रॅमवर काही ग्रॅम अधिक भरावेच लागतात, परंतु हे अधिकचे ग्रॅम नेमके किती जातात, याचा हिशेब साध्या काट्यावर लागत नसे. आता तो रोज संध्याकाळी पडद्यावर दिसतो, आणि माझ्या मते या यंत्राची किंमत तिथेच वसूल होते.

खरेदी करणाऱ्यांनी सर्वांत आधी पाहावे ते दोन पनेटमधील अंतर. आमच्या पुरवठादाराने लेन बदलणाऱ्या पट्टीचे प्रात्यक्षिक उत्साहाने दाखवले, मात्र काट्याच्या आधीच्या पट्ट्याविषयी फारसे सांगितले नाही. पनेटची लांबी १९ सेंटिमीटर आणि काट्याचा पट्टा २८ सेंटिमीटर. एकमेकांना चिकटून आलेले पनेट त्याच वेगाने पुढे गेले, तर दोन पनेट एकाच वेळी काट्यावर येतात, वजन भलतेच लागते आणि चांगला माल ‘जास्त’च्या लेनमध्ये जाऊन पडतो. उपाय साधा आहे: आधीचा पट्टा मिनिटाला १५ मीटर आणि काट्याचा २४ मीटर चालवला, की वेगाचे गुणोत्तर १.६ होते आणि एका पनेटच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटरच्या थोडे वर जाते. दोन्ही मोटारींना स्वतंत्र व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) असल्यामुळेच हे जमले. एकाच मोटारीवर साखळीने जोडलेले दोन पट्टे कोणी स्वस्तात देत असेल, तर ते घेऊ नयेत.

दुसरी अडचण सेन्सरची. मूळचा सेन्सर वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशावर चालणारा होता. सफेद द्राक्षांवर तो ठीक चालला, पण जम्बो या काळ्या द्राक्षजातीचा माल सुरू होताच अधूनमधून पनेट त्याच्या नजरेतून सुटू लागले, कारण काळा मणी प्रकाश शोषून घेतो आणि पनेटची पारदर्शक भिंत तो आरपार जाऊ देते. पारदर्शक वस्तूंसाठी बनवलेला, समोर परावर्तक असलेला सेन्सर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून आणून बसवला आणि हा त्रास थांबला. त्याचा परावर्तक मात्र प्रत्येक पाळीच्या आरंभी कोरड्या कापडाने पुसावा लागतो.

पनेट ढकलण्याऐवजी वळवणारी रचना आम्ही निवडली, याचे आजही समाधान आहे. हवेच्या दाबावर चालणारा दांडा बाजूने धक्का देतो, तेव्हा घड पनेटच्या भिंतीवर आपटतो आणि देठाजवळचे मणी सुटतात. इथे सर्वो मोटारीवरची (ठरलेल्या कोनात नेमकी वळणाऱ्या मोटारीवरची) पट्टी पनेट येण्याआधीच तिरकी होऊन थांबते, पनेट तिला घासत आपल्या लेनमध्ये उतरतो आणि तळाशी सुटे मणी क्वचितच दिसतात.

स्वच्छतेबाबत मी पूर्ण समाधानी नाही. प्लॅस्टिकच्या कड्यांचा मॉड्युलर पट्टा बाजूला सरकत नाही, ही मोठी सोय आहे. पण चिरडलेल्या मण्यांचा रस कड्यांच्या सांध्यांत सुकतो, चिकटपणा वाढतो आणि मोटारीवर भार येतो. आमच्या मावश्या काम संपल्यावर पट्टा कोमट पाण्याने धुतात, तरी आठवड्यातून एकदा तो खालच्या बाजूने उघडून ब्रशने घासावाच लागतो. खालचे पत्रे स्क्रूऐवजी खटक्यांवर असते, तर हे काम निम्म्या वेळात झाले असते.

वीज मध्येच गेली, तर काटा आणि वळणपट्टी यांच्यामधल्या पनेटचा हिशेब पीएलसीकडे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाकडे, उरत नाही. तेवढे पनेट उचलून पुन्हा काट्याच्या मागे ठेवावेत, असा नियम आम्ही भिंतीवर लिहून लावला आहे. नियंत्रण पॅनेलला छोटा यूपीएस जोडल्याने पडद्यावरच्या नोंदी शाबूत राहतात, म्हणून तो कोटेशनमध्येच मागून घ्यावा.