ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९x४०: पेनसिल्व्हेनियातल्या हरणाच्या हंगामानंतर

उन्हाळ्यात घेतलेला हा स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, आता एक अख्खा हंगाम वापरून झालाय. ३-९x४० म्हणजे झूम ३ ते ९ पट आणि पुढचं भिंग ४० मिमीचं. रायफल .३०८ काडतुसाची, साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं खिट्टी ओढायची. जंगल डोंगराळ, हेमलॉकची झाडं आणि खाली माउंटन लॉरेलच्या झुडपांची दाट जाळी. अशा ठिकाणी शंभर यार्डांपलीकडचं हरीण मोकळं दिसणंच मुश्कील. तरी दुकानात गेलं की आधी विचारतात ते झूम किती हवा म्हणून. माझं मत स्पष्ट आहे: या शिकारीत झूमसाठी जास्तीचे पैसे घालू नका. संधिप्रकाशात किती दिसतं आणि एकदा बसवलेला झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, जागचा हलतो का, एवढंच बघा.

आधी प्रकाशाचं सांगतो, कारण सगळं तिथंच ठरतं. व्हाइटटेल हरीण जास्त हिंडतं ते पहाटे आणि सांजेला. इथं कायद्यानं सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. त्या शेवटच्या अर्ध्या तासात स्वस्त काचांचं पितळ उघडं पडतं. हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ४० मिमीच्या भिंगाला ९ च्या झूमवर ती जेमतेम ४.४ मिमी, तर ५ वर ८ मिमी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. म्हणून सांज झाली की मी झूम ४ वर आणतो. मुभा असलेल्या वेळेच्या अगदी शेवटपर्यंत मला हरणाचा खांदा झाडाच्या बुंध्यापासून वेगळा ओळखता आला. ९ वर तेच चित्र काळपट होतं. ५० मिमीचं भिंग यासाठी लागत नाही. उलट त्यानं स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल दस्त्यावरून सुटतो.

रेटिकल, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली, ड्युप्लेक्स प्रकारचं आहे, कडेला जाड आणि मध्ये बारीक. ल्यूपोल्डनं हे १९६२ मध्ये आणलं आणि जंगलासाठी मला अजून तरी याहून चांगलं काही दिसलेलं नाही. गर्द जाळीवर मधली बारीक रेघ पुसट होते, पण चारही जाड दांड्या नजर बरोबर मध्यावर नेतात. दिव्याच्या रेटिकलची उणीव जाणवली नाही.

झीरो करताना आधी २५ यार्ड, मग १००. नेम सरकवायच्या चकतीचा (टरेटचा) एक क्लिक पाव एमओए (कोनाचं एक माप), म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. २५ वर तेवढंच सरकवायला चौपट क्लिक लागतात. १०० वर गोळी दीड-दोन इंच वर बसेल असा झीरो ठेवला, म्हणजे २०० वर ती नेमाच्या जवळ येते. हरणाच्या छातीतला नेमाचा भाग साधारण आठ इंचांचा, त्यामुळे जंगलात टरेटला हात लावायची वेळच येत नाही. गाडीच्या डिकीतले धक्के, पाऊस, गोठवणारी थंडी, सगळं झाल्यावर रेंजवर पुन्हा तपासलं. झीरो होता तिथंच. माझ्यासाठी हा स्कोप इथंच वसूल झाला. एका मित्राच्या रायफलीवर फारच स्वस्तातला स्कोप होता. स्क्रू, स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंग सगळं बदलूनही त्याच्या गोळ्या दर वेळी वेगळीकडे लागायच्या. रिंगचे स्क्रू मात्र टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं), रिंग बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मापानंच आवळा. जास्त पिळले तर नळी दबते.

आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि काच यांतलं अंतर, सुमारे चार इंच आहे. .३०८ च्या धक्क्याला ते पुरेसं आहे. पण स्कोप बसवताना थंडीतलं जाड जॅकेट अंगात घालूनच जागा ठरवा. टी-शर्टवर ठरवलेली जागा नोव्हेंबरात पुढे-मागे होते.

आत वाफ कधी धरली नाही. बाहेरच्या काचेवर श्वासाची वाफ बसते, ती कुठल्याही स्कोपवर बसणारच. मऊ फडकं वरच्या खिशात असू द्या.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं, ठरावीक अंतरासाठीच दुरुस्त केलेला आहे, जुळवता येत नाही. लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीची हौस असेल तर हा स्कोप घेऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जाळीत काय हललं हे स्कोपमधून कधीही बघू नका, तिथं माणूस असू शकतो आणि स्कोपबरोबर रायफलही त्याच्यावर रोखली जाते. डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच नारिंगी कापड घालायचा नियम आहे, पण लॉरेलच्या आड नारिंगीही लपतं. इथल्या बऱ्याच भागांत नराच्या शिंगाला एका बाजूला किमान तीन टोकं लागतात. ती मोजायची दुर्बिणीनं.

किंमत दोनशे ते तीनशे डॉलरच्या दरम्यान, सेलवर अवलंबून. तेवढं बजेट नसेल तर व्होर्टेक्स क्रॉसफायर टू ३-९x४० घ्या. तो स्वस्त आहे आणि त्यालाही आयुष्यभराची वॉरंटी आहे. दुकानातल्या लख्ख उजेडात सगळे स्कोप सारखेच दिसतात, म्हणून सांजेला जा आणि दुकानदाराला विचारून दारापाशी उभं राहून दोन्हींतून बाहेरच्या झाडीत बघा. उरलेल्या पैशांत ८x४२ ची (८ पट, ४२ मिमी भिंगाची) हातातली दुर्बीण घ्या.