व्हॅल्युअर चोख, पण फोन उचलेल तर शपथ

घरपट्टीचं बिल पाहून आधी वाटलं, शेजाऱ्याचंच आपल्याकडे आलंय. बाजार थंड, शेजारचं घर वर्षभर विकलं जात नाहीये, आणि आमच्या घराची किंमत मात्र कागदावर चढलेली! शेवटी खासगी व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवून देणारा तज्ज्ञ, बोलावला.

माणूस वेळेवर आला, टेप लावून खोली न् खोली मोजली. तिथेच घोळ सापडला. नोंदीत आमची उघडी गच्ची चक्क बंदिस्त खोली म्हणून धरलेली! बाजाराचंही त्याने नीट समजावलं: बऱ्याच ठिकाणी करासाठीचं मूल्यांकन एका ठरावीक तारखेच्या भावाने होतं, नंतर भाव पडले तरी ते पुढच्या फेरीतच दिसतात. म्हणून त्याने आजचे नाही, तर त्या तारखेच्या आसपासचे ३ विक्री-व्यवहार तुलनेसाठी अहवालाला जोडले. (त्यातल्या एका घराला लिफ्ट होती, आम्हाला नाही. ते मीच दाखवून दिलं.)

अहवाल मात्र हरकतीची मुदत संपायला २ दिवस उरले असताना हातात पडला. तोवर १४ वेळा फोन केला असेन.

क्षेत्रफळ दुरुस्त झालं. बिल त्यामानाने थोडंच उतरलं, कारण कराचा दरही वाढलाय आणि त्यावर व्हॅल्युअर काय करणार? ५ पैकी ४ तारे.