८४ ची बुलेट आणि ८९ ची आरएक्स १००, दोन्ही आठ महिने चालवल्यावर

बाबांची ८४ ची बुलेट ३५० घरी होतीच, दिवाळीत ८९ ची यामाहा आरएक्स १०० पण घेतली आणि तेव्हापासून एक दिवस ही, एक दिवस ती असं चालूये. पहिला महिना नुसता पायांचा घोळ. बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, जुन्या इंग्लिश गाड्यांची तीच पद्धत, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली तरी तीच राहिली. आरएक्सचं बरोबर उलटं. सिंहगड रोडला पुढची रिक्षा थांबली आणि मी ब्रेक समजून गिअर दाबला, थोडक्यात वाचलो.

बुलेट सकाळी चालू करायची तर किक हळूहळू दाबत न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मधे आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक अजून जराशी ढकलायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण ताकदीने एकच. घाई केली की किक उलटी मारते, पायाला चांगलंच लागतं. आरएक्सला पॉइंटच (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क) नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, चोक ओढून हाताने किक मारली तरी चालू होते.

वाईवरून पसरणी घाट दोन्हीवर केला. आरएक्सचे ९८ सीसी आणि ११ बीएचपी म्हणजे कागदावर काहीच नाही, पण गाडी शंभर किलोच्या आसपासची, त्यामुळे वळणातून बाहेर पडून पिळली की अशी सुटते की हेल्मेटमधे हसू येतं. पण बायको मागे असली की तासाभरात ती थांब म्हणते. बुलेटवर तीच पाचगणीपर्यंत गप्पा मारत आली, तिसऱ्या गिअरात डुगडुग करत, गाडीला घाईच नाही.

बुलेट एकदाच बंद पडली, सुरूर फाट्याला, भर पावसात. एका दुकानातून घेतलेला पॉइंटसोबतचा डुप्लिकेट कंडेन्सर दोन महिन्यांत गेला होता. टूलबॉक्समधे जुना ओरिजिनल ठेवलेला, स्क्रू ड्रायव्हरने वीस मिनिटांत बदलला, पॉइंटचा गॅप अंदाजाने लावला आणि घरी आलो. हे आरएक्सच्या सीडीआयचं झालं असतं तर सरळ टेम्पो बोलवावा लागला असता. टॅपेटचंही (व्हॉल्व्हच्या फटीचं सेटिंग) तसंच, इंजिन थंड असताना पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, बाबांनी शिकवलं ते अजून तसंच करतो.

आरएक्स घेणाऱ्यांनो, ऑइल पंप (इंजिनाला वेगळं ऑइल पुरवणारा) आहे की काढून टाकलाय ते आधी बघा. माझ्या गाडीचा आधीच्या कुणीतरी बंद करून पेट्रोलमधेच ऑइल मिसळायचं चालवलेलं, धूर प्रचंड आणि सायलेन्सरमधे काजळीचा थर. पंप परत जोडून केबलची खूण जुळवून घेतली, बॅफल (सायलेन्सरच्या आतली नळी) काढून साफ केला, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. ऑफिसला आता हीच नेतो. बुलेट रविवारी, आणि बाबांना बसवून न्यायचं असेल तेव्हा.