ग्रंथालयासाठी 'कोहा' सॉफ्टवेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं सार्वजनिक ग्रंथालय तालुक्याचं, 'अ' वर्गाचं. पुस्तकं सव्वीस हजारांच्या घरात. 2009 पासून आम्ही खास आमच्यासाठी लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर वापरत होतो आणि त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. सभासदाचा नंबर टाकला की थकलेली वर्गणी लाल अक्षरात समोर यायची. पावतीसुद्धा आमच्या पावतीपुस्तकाच्या मापाचीच निघायची.

पण ज्यांनी ते लिहिलं ते गाव सोडून गेले. जुना संगणक बंद पडला आणि नव्यावर ते चालेना. डेटा तर आमचाच, पण तो बाहेर काढायची सोय त्यात कधी केलेलीच नव्हती.

म्हणून कोहा घेतलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं हे सॉफ्टवेअर 2000 सालापासून वापरात आहे. मुक्त स्रोत असल्याने परवान्याचा खर्च शून्य. मेहनत मात्र भरपूर. जुन्या नोंदी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये होत्या. त्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे रूपांतरात शेकडो नावांची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. दोघीजणी अडीच महिने दाखल नोंदवही उघडून एकेक नोंद ताडून पाहत होत्या.

मराठी शोधाचं आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. देवनागरी शब्द नीट सापडण्यासाठी कोहाच्या झेब्रा इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या शब्दसूचीत, आयसीयू ही युनिकोड अक्षरं नीट ओळखणारी पद्धत चालू करावी लागते. ती केल्यावरही 'दुसऱ्या महायुद्धा'वरची निम्मी पुस्तकं दिसेनात. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा नुक्ता असलेला ऱ वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शेवटी सगळ्या नोंदींत एकच रूप करून घेतलं.

आता देवघेव बारकोडवर चालते, सभासद घरून पुस्तक आहे का ते पाहतात. एका निवृत्त शिक्षकांनी फोनवर शोधून, दाखल क्रमांक कागदावर लिहून आणला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

वर्गणीचं मात्र जमलेलं नाही. कोहात ठरलेलं शुल्क भरून सभासदत्वाची मुदत वाढवायची. आमच्याकडे कुणी चार महिन्यांच्या थकबाकीतले दोन महिने आज देतं, उरलेले पगार झाल्यावर. त्यासाठी वेगळं पावतीपुस्तक आणि खतावणी ठेवली आहे. एक काम दोनदा होतं आणि ते खुपतं.

तरी कुणी विचारलं तर मी कोहाच सांगेन. दर शनिवारी संध्याकाळी पुस्तकांच्या सगळ्या नोंदी मार्क फाइलमध्ये (मार्क म्हणजे ग्रंथालयातल्या नोंदींचा ठरलेला साचा) उतरवून पेनड्राइव्ह कपाटात ठेवते. ही फाइल ग्रंथालयांची दुसरी सॉफ्टवेअरही वाचू शकतात. आधीच्या पंधरा वर्षांत अशी एकही प्रत आमच्या हातात नव्हती.