वडशातली मॅकबेथची शिकवणी

वडशात एक निवृत्त प्राध्यापक बी.ए. इंग्रजीची शिकवणी घेतात. मुलीसाठी लावली, पण मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं करणारा माणूस, म्हणून सरांना विचारून मागच्या बाकावर बसू लागलो.

शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक शिकवताना सर स्वभावचित्रणाच्या तयार नोट्स देत नाहीत. प्रत्येक प्रवेशाला एकच विचारतात, इथं हुकूम कोणाचा चालतो? पहिल्या अंकात सरदार मॅकबेथ राजाच्या खुनातून मागं सरतो, बायको त्याला पुन्हा उभा करते. खून करून तो कट्यारी हातातच घेऊन येतो, त्या परत ठेवायलाही तीच जाते. आणि तिसऱ्या अंकात, मॅकबेथ राजा झाल्यावर, नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर राणीला नोकराकरवी निरोप धाडावा लागतो! एवढीशी ओळ, मी वाचून पुढं गेलो असतो. सरांनी मुलींना उभं करून ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, तेव्हा पारडं कुठं फिरलं ते ऐकूच आलं. सोबती सरदार बँकोच्या खुनाचा बेत तर तो तिला सांगतच नाही. पाचव्या अंकात झोपेत चालणारी ती पद्य सोडून गद्यात बोलते.

झेरॉक्स मात्र पुसट. चौथा अंकही घाईत उरकला. मारलेल्या राजाचा मुलगा माल्कम हा सरदार मॅकडफची पारख करतो तो प्रवेश सत्तेच्या अभ्यासात असा सुटायला नको होता.

रोवणीच्या दिवसांत तास संध्याकाळी ठेवतात, त्यामुळे शेतावर जाणाऱ्या मुलांचं बुडत नाही. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकांत काम करणाऱ्यांनीही जरूर बसावं.